पोशा ठाकूर याच्या अंगावरील कोटाबद्दल

पोलीस चौकी खोपोली, पेटा खालापूर, तालुका कर्जत, जिल्हा कुलाबा. तारीख २ ऑगस्ट १९३२, मंगळवार. वेळ सकाळी साडेनऊ.

नाव आनंदीबाई, भ्रतार मयत गजा राघो शिंगवे. वय अदमासे एक्केचाळीस. धंदा खानावळ. राहणार येसाजी कोंडाजी वाघरे यांची चाळ, नदीकडील बाजू, खोली नंबर ४, खोपोली. घरधन्यांचे नाव मी घेत नाही. ते चौकीतील शिपायाला ठाऊक होते. त्याने सांगितले ते बरोबर आहे.

मी आज आपण होऊन चौकीत आले. मला कोणी बोलावलेले नाही. शनिवारी माझ्या नावाने चोरीची फिर्याद दाखल झाली असून तिच्यावरून पोशा चांगो ठाकूर, राहणार डोंगरातील ठाकुरवाडी, हा अटकेत आहे. त्या फिर्यादीवरील अंगठा माझा आहे. मजकूर माझा नाही. हे कसे झाले ते समक्ष सांगते.

माझे माहेर कशेळ्याचे. घरधनी येथील वीजघरात पाइपावरच्या टोळीत कामास होते. अकरा वर्षांपूर्वी आम्ही येसाजीशेठच्या चाळीत खोली घेतली. खोली कोपऱ्याची आहे. पुढे रस्ता, मागे पाताळगंगा. नळीच्या कौलांचे छप्पर. घरधनी दोन वर्षांपूर्वी श्रावणात हिवतापाने मयत झाले. मूलबाळ नाही. तेव्हापासून मी त्याच खोलीत टोळीतल्या चार माणसांचा दोन वेळचा स्वयंपाक करते व त्यावर पोट भरते. भाडे थकलेले नाही. त्याबद्दल शेठचीही तक्रार नाही.

यंदा शिमग्यानंतर येसाजीशेठ दोन वेळा माझ्याकडे आले. पाळी सुटली की कामगार माझ्या कोपऱ्यावरूनच जातात, तेथे चहाचे दुकान घालायचे आहे, खोली मोकळी करा, असे म्हणाले. मी म्हटले, खोली गेली तर चूल गेली आणि चूल गेली तर ही चार माणसे गेली. मी कोठे जाऊ? ते रागावले नाहीत. बघू म्हणाले.

सोमवार तारीख २५ जुलै रोजी माझ्या चुलीवर गळू लागले. मी शेठना जाऊन सांगितले. त्यांनी लगेच माणूस पाठवतो म्हटले. इतक्या लवकर ते कधी हो म्हणत नाहीत. तेव्हा मला बरे वाटले.

बुधवार तारीख २७ रोजी सकाळी आठच्या सुमारास पोशा ठाकूर शिडी घेऊन आला. आमच्या चाळीची कौले दर वैशाखात तोच परततो. अकरा वर्षांत त्याने दुसऱ्याला छपरावर चढू दिलेले मी पाहिले नाही. शेठ स्वतः खाली छत्री घेऊन उभे राहिले. पोशाने गळतीजवळच्या दोन ओळी उघडल्या. शेठ म्हणाले, सगळी काढ. पोशा वरून म्हणाला, "शेठ, पावसात समदी उघडायची नसतात. दोन वळी काढायच्या, लावायच्या, मंग फुडं सरकायचं." शेठ म्हणाले, कौलांखालच्या लाकडी रिपा कुजल्या आहेत, त्या बदलायच्या आहेत, काढ. पोशाने एक रीप अंगठ्याने दाबून पाहिली व ती चांगली असल्याचे सांगितले. शेठ म्हणाले, छप्पर तुझे की माझे? मग त्याने काढली.

अकरा वाजेपर्यंत माझ्या खोलीवरची सर्व कौले उतरून भिंतीशी रचली गेली. शेजारच्या खोल्यांची तशीच राहिली. शेठ पोशाला म्हणाले, रिपा कर्जतहून यायच्या आहेत, आल्या की निरोप पाठवीन, तू जा. पोशा गेला. दुपारी तीनपासून पाऊस लागला.

मी धान्य व अंथरूण शेजारच्या इंदूबाईंकडे ठेवले. इंदूबाई खोली नंबर ३ मध्ये राहतात. चूल ओली झाल्याने त्यांच्याच चुलीवर भाकऱ्या केल्या व चौघांना पडवीत वाढले. रात्री कोठे झोपले असे विचारल्यावरून सांगते की, माझ्याच खोलीत, दाराच्या चौकटीखाली. चौकटीवर दोन वीत रुंद कड आहे, तेवढी जागा कोरडी राहते. इंदूबाईंनी आत बोलावले होते, पण त्यांच्या खोलीत सहा माणसे आहेत. शिवाय खोली रिकामी राहिली तर ती रिकामी केली असे धरले जाईल, हे माझ्या मनात होते.

गुरुवारी रिपा आल्या नाहीत. मी शेठकडे गेले. ते म्हणाले, "आनंदीबाई, तुमी कशेळ्याला भावाकडं जा ना दिवाळीपर्यंत. तोवर छप्पर हुईल." मी म्हटले, तोवर खोली कोणाची होईल? त्यांच्याकडे लिहिण्याचे काम करणारे आबाजी कारकून तेथे बसले होते. ते कागदांत पाहू लागले.

शुक्रवार तारीख २९ रोजी शेठ कर्जतला गेले होते. सकाळी सूर्य वर येण्याच्या वेळी पोशा आला. तो कोळसे विकायला बाजारात आला होता, रिपा आल्या का ते पाहायला वळला. मी त्या वेळी खोलीत डोक्यावर इरले घेऊन पीठ मळत होते. तो दारात उभा राहिला. मी सांगितले, रिपा आल्या नाहीत. तो म्हणाला, "शेठच्या रिपा कर्जतेवरनं चालत येत असतील." मग त्याने डोक्यावरची पाटी खाली ठेवली, इंदूबाईंकडून शिडी मागून घेतली व वर चढला.

त्याला तू कौले लाव असे सांगितले का, असे विचारल्यावरून सांगते की, नाही. लावू नको असेही सांगितले नाही. मी खालून कौले देत गेले व तो वर लावत गेला. पाऊस चालू होता. दहा वाजेपर्यंत छप्पर झाले. या वेळात तो एकदाही खोलीत आला नाही. छपरातून खाली उतरला का, असे विचारल्यावरून सांगते की, नाही. तो शिडीनेच चढला व शिडीनेच उतरला. मी पूर्ण वेळ खाली होते. माझ्या खोलीतून माझ्या नकळत एक कौलसुद्धा गेलेले नाही.

आमच्याकडे छप्पर पुरे झाले की कौलकऱ्याला नारळ व शिधा देण्याची रीत आहे. दर वर्षी तो शेठ देतात. या खेपेस छप्पर शेठच्या सांगण्यावरून झालेले नव्हते, म्हणून देणे माझ्याकडे होते. माझ्याकडे नारळ नव्हता. तांदूळ भिजून आंबलेले होते. मी त्याला दोन भाकऱ्या व चटणी दिली. तो पडवीत बसून खाऊ लागला. त्याच्या अंगावर लंगोटी व एक फाटके कांबळे होते, ते पाण्याने जड झाले होते. तो थरथरत होता. तसली थरथर मी दोन वर्षांपूर्वी घरात पाहिलेली आहे.

मी आत जाऊन पेटीतून घरधन्यांचा गरम कोट काढला व त्याला दिला. कोट काळा, पितळी बटणे पाच, डाव्या कोपराला ठिगळ. तो घ्यायला तयार नव्हता. म्हणाला, "बाय, ह्यो मी घातला तं लोक मला कुनाचा कोन म्हनतील?" मी म्हटले, कौलकरी म्हणतील. तेव्हा तो हसला व त्याने कोट घातला. बाह्या त्याला लांब झाल्या.

ही गोष्ट मी कोणाला सांगितली नाही. इंदूबाईंनाही नाही. त्या वेळी त्या नदीवर धुणे घेऊन गेल्या होत्या. का सांगितली नाही असे विचारल्यावरून सांगते की, विधवा बाईने नवऱ्याचा कोट ठाकराच्या अंगावर घातला, यावर चाळीत काय बोलले जाईल ते मला माहीत होते. मी चांगले काम केले म्हणून लपवले असे नाही. भीती होती म्हणून लपवले.

शनिवार तारीख ३० रोजी शेठ कर्जतहून परत आले. त्यांनी छप्पर पाहिले. रस्त्यावर उभे राहून बराच वेळ पाहिले. त्याच दिवशी बाजारात पोशाला त्यांनी त्या कोटासकट पाहिले असावे, असे मला आता वाटते. तेव्हा माहीत नव्हते.

दुपारी चारच्या सुमारास शेठ व आबाजी कारकून माझ्या पडवीत आले. त्या वेळी पाच-सहा बायका माझ्याकडे बसलेल्या होत्या. मी त्यांना पोथी वाचून दाखवत होते. माझे शिक्षण झालेले नाही. मला लहानपणापासून ओव्या पाठ होत्या. घरधनी कामावर गेले म्हणजे मी त्याच ओव्यांच्या छापील पोथीवर बोट ठेवून म्हणायची व कोणते अक्षर कोणत्या आवाजाचे ते ओळखायची. तीन वर्षे लागली. आता कोणतेही छापील मराठी मला वाचता येते. लिहिता येत नाही. चाळीत हळदीकुंकवाला मला बोलावत नाहीत. वाचायला बोलावतात.

शेठ त्या दिवशी गोड बोलले. म्हणाले, पोशाने बरे केले, माझे काम वाचले. खोलीचा कागद अजून तुमच्या घरधन्यांच्या नावाचा आहे, तो तुमच्या नावाचा करून टाकू, म्हणजे पुन्हा कोणी तुम्हाला ऊठ म्हणणार नाही. आबाजींनी कागद काढला. मी अंगठ्यासाठी हात पुढे केला. तेव्हा शेठ म्हणाले, "असं नगं. तुमी वाचनाऱ्या बाई. वाचून बघा, मंग अंगठा द्या. मागनं म्हनू नका, शेठनं फसवलं."

इंदूबाई म्हणाल्या, आमच्या आनंदीबाई सरकारचासुद्धा कागद वाचतील. सगळ्या बायका माझ्याकडे पाहू लागल्या.

कागद मोडीत होता. मला मोडी येत नाही. बाळबोध छापील तेवढेच येते.

मी तसे सांगायला पाहिजे होते. सांगितले नाही. कागद हातात घेतला. अक्षर वरच्या रेघेला लोंबते एवढे मला ठाऊक आहे, म्हणून कागद सरळ धरला. ओळीओळीवरून डोळे फिरवले. मध्ये एके ठिकाणी थांबले, जणू काही विचार करीत आहे. आकडे ओळखता आले. चारचा आकडा होता, तो खोलीचा. तारीख होती. त्यावरून खोलीचाच कागद आहे असे मी मनाशी धरले. तारीख बरोबर आहे ना, असे आबाजींना विचारलेसुद्धा. ते म्हणाले, बरोबर आहे. मग मी अंगठा दिला. आबाजींनी शाई पुसायला मला आपला रुमाल दिला.

इंदूबाईंनी व इतर दोघींनी चौकीत सांगितले आहे की, आनंदीबाईंनी कागद स्वतः वाचून मग अंगठा केला. त्यांनी खोटे सांगितलेले नाही. त्यांनी पाहिले तेच सांगितले. मी त्यांच्यासमोर वाचल्यासारखे केले.

रविवार तारीख ३१ रोजी दुपारी पोशाची बायको जिजा माझ्या दारात आली. ती आत आली नाही व बसली नाही. ती म्हणाली, "बाय, तुमी लिवून दिलंय म्हनं, त्यानं तुमचं घर फोडलं." मी म्हटले, मी असे काही दिलेले नाही. ती म्हणाली, सकाळी शिपाई वाडीवर आले, त्याला कोटासकट धरून नेले, कागदावर तुमचा अंगठा आहे असे सर्वांसमोर सांगितले. ती रडत नव्हती. मग म्हणाली, "कोट परत घ्या. मानूस द्या."

मी तिला पाणी दिले. ते तिने घेतले नाही.

सोमवार तारीख १ ऑगस्ट रोजी सकाळी मी शेठच्या घरी गेले. आबाजी कारकून ओटीवर होते. मी त्यांना म्हटले, शनिवारी माझा अंगठा घेतलेल्या कागदात काय आहे ते वाचून दाखवा. ते शेठकडे पाहू लागले. शेठ म्हणाले, तुम्हीच वाचला की. मी म्हटले, मला मोडी येत नाही. हे वाक्य मी कोणासमोर पहिल्यांदाच बोलले. शेठ हसले नाहीत. आबाजी हसले.

शेठ पुढे जे बोलले ते जसे आठवते तसे सांगते. "माझं छप्पर मला न विचारता ज्यानं लावलं, त्याला हात कुठं घालायचे ते शिकवायला नगं का? ठाकराला दोन महिने हुतील. तुरुंगात दोन टायम गिळाय मिळंल, डोंगरात मिळतं का? तुमी मधी पडू नका. पडलात तं खोटी फिर्याद दिली म्हनून तुमालाच आत बसावं लागंल. आनि कोर्टात विचारतील, नवऱ्याचा कोट ठाकराच्या अंगावर गेला कसा. चार मानसांत काय सांगाल? त्यापरीस गप ऱ्हावा. तुमचा अंगठा कागदावर हाय तोवर कौलं छपरावर हायेत."

मी उठून आले. संध्याकाळी चौघा माणसांना वाढले. त्यांच्यापैकी वयाने मोठ्या कमळ्याला विचारले, खोटी फिर्याद दिली तर बाईला किती शिक्षा होते? त्याला माहीत नव्हते. तो म्हणाला, कोणी दिली? मी म्हटले, मी दिली. त्याने हात धुतला व तो उठून गेला.

आज सकाळी मी भाकऱ्या केल्या नाहीत. चौघांना दुसरीकडे जेवा म्हणून सांगितले. नंतर इंदूबाईंना पडवीत बोलावले व सांगितले की, शनिवारचा कागद मला वाचता आला नव्हता. त्या म्हणाल्या, थट्टा करू नका. मग त्यांना कळले. त्या म्हणाल्या, "अवो, मग तवाच सांगायचं की गं बाई. आमाला कुठं एक अक्षर येतं?"

मी चौकीकडे निघाले तेव्हा माझ्या खोलीला शिडी लावलेली होती. शेठचे दोन गडी होते. मी कोठे निघाले हे कोणी शेठना कळवले किंवा आधीच तसा हुकूम होता, ते मला सांगता येत नाही. मी थांबले नाही.

फौजदारसाहेब आज तपासासाठी खालापूरहून चौकीत आले आहेत. त्यांनी मला विचारले की, फिर्यादीवर अंगठा देऊन आता उलट सांगितल्यास तुमच्यावर खटला होऊ शकतो, हे समजते का? मी समजते म्हटले. त्यांनी चौकीतील एक मोडी कागद मला वाचायला दिला. मला वाचता आला नाही. या वेळी मी वाचल्यासारखे केले नाही. मग भिंतीवर लावलेली छापील नोटीस दाखवली. ती मी उभी राहून वाचली. मोकाट गुरे कोंडवाड्यात घालण्याबद्दल ती आहे. शेवटची ओळ फाटलेली असल्याने वाचली नाही.

त्यानंतर फिर्याद मला वाचून दाखवण्यात आली. तीत लिहिले आहे की, पोशा ठाकूर याने छप्पर दुरुस्त करण्याच्या मिषाने कौले उघडून माझ्या खोलीत उतरून पेटीतील गरम कोट व एक तांब्याचा हंडा चोरून नेला. यापैकी कोट मी दिलेला आहे. तांब्याचा हंडा माझ्याकडे कधीच नव्हता. माझा हंडा पितळेचा असून तो इंदूबाईंकडे आहे. पुढे लिहिले आहे की, सदर कोट हीच माझे मयत पतीची माझेजवळ राहिलेली एकुलती एक खूण होय. हे वाक्य खोटे आहे असे मला सांगता येत नाही. पण मी ते सांगितलेले नाही. आबाजी कारकुनांना ते कोठून सुचले ते त्यांना विचारावे.

जप्त केलेला कोट मला दाखवण्यात आला. तो ओळखला. डाव्या कोपराचे ठिगळ मी घातलेले असून काळा दोरा संपल्याने शेवटचे चार टाके निळ्या दोऱ्याचे आहेत. खिशात काय होते असे विचारल्यावरून सांगते की, काही नव्हते. दोन वर्षांत मी पुष्कळदा पाहिले आहे. कोट परत हवा का असे विचारल्यावरून सांगते की, तो माझा नाही. तो पोशाचा आहे. खटल्यापुरता ठेवायचा असेल तर ठेवावा व नंतर त्यालाच द्यावा.

ओळख पटवण्यासाठी पोशा ठाकूर याला समोर आणण्यात आले. त्याला मी ओळखते. त्याने मला शिवी दिली नाही. त्याने एवढेच विचारले, "बाय, चुलीवरची वळ गळती का?" मी नाही म्हटले. त्या वेळी छपरावर गडी चढलेले होते हे त्याला सांगितले नाही.

येसाजीशेठ यांचा हेतू काय होता असे विचारल्यावरून सांगते की, दुसऱ्याच्या मनातले मला वाचता येत नाही. त्यांनी काय केले व काय म्हटले ते वर सांगितले आहे. छप्पर उतरवत असल्याबद्दल वेगळी तक्रार द्यायची आहे का, असे फौजदारसाहेबांनी विचारले. द्यायची आहे. परंतु आधी हा जबाब पुरा करावा असे मी सांगितले, कारण दोन कागद एकत्र झाले तर खोलीसाठी बाई उलटली असे शेठचे वकील म्हणतील. छपरासाठी मी आलेले नाही. छपरासाठी आले असते तर गप्प राहून भागले असते.

पोशास आज सोडता येईल किंवा नाही हे कर्जतच्या मॅजिस्ट्रेटसाहेबांवर आहे, असे मला समजावण्यात आले. हेच सर्व मी कर्जतच्या कोर्टात सर्वांसमोर सांगेन. कोटाचे सांगेन व वाचण्याचेही सांगेन. तारखेचे समन्स खोली नंबर ३ मध्ये इंदूबाईंकडे द्यावे. तेथे नसले तर कशेळ्यास माझ्या भावाकडे, येसू म्हस्कर यांच्या घरी द्यावे. तेथून कर्जतला पायी येता येते.

हवालदारांनी हा जबाब प्रथम मोडीत लिहावयास घेतला होता. माझ्या विनंतीवरून तो फाडून, छापल्यासारख्या सुट्या बाळबोध अक्षरात पुन्हा लिहिला. त्यास दुपारचा एक वाजला. तो मला कोणी वाचून दाखवला नाही. मी स्वतः ओळीवर बोट ठेवून मोठ्याने वाचला, फौजदारसाहेब व पोशा ठाकूर यांच्या समक्ष. एक दुरुस्ती सांगितली. हवालदारांनी "दयेने कोट दिला" असे लिहिले होते. ते खोडून "कोट दिला" एवढेच ठेवले आहे. दया नव्हती. छप्पर झाले होते.

बाकी मी सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे. मला सही येत नाही. डाव्या हाताचा अंगठा केला आहे. हा अंगठा वाचून केला आहे.